माशी बुडाली पाहिजे

स्वयंपाकघरातल्या सगळ्यात मोठ्या पातेल्यात काठोकाठ पाणी भरून मी आणि माझी थोरली बहीण त्यात डोकावून बसलो होतो, आणि माशी काही केल्या बुडत नव्हती.

"मेलीय का?" ताईने विचारलं.

"ताई, ती जिवंत कधीच नव्हती. मी बांधलीय ती."

"मग तसं सांग. मला वाटलं मोरीत अडकलेला केसांचा गुंता काढून आणलास."

बायको गेली की पुरुष उपासमारीने मरतो अशी ताईची पक्की समजूत आहे. म्हणून ती न बोलावता आली होती आणि मी मरत नाही हे दिसूनही परत जायचं नाव काढत नव्हती. त्या दिवशी तिला त्या पातेल्यात वरण करायचं होतं. माशी बाजूला करून ती वरण करायला निघाली, तेव्हा मी पातेल्यावर आडवा हात धरला. आमचं भांडण झालं. माशी शांतपणे तरंगत होती.

खुलासा करतो. ट्राउट नावाचा मासा थंड, वाहत्या पाण्यात असतो. त्याला पकडायला गांडूळही चालतं, पण ते माशाला. आमच्या ओढ्यावरच्या मासेमार संघाला चालत नाही. संघाचा दंडक असा की प्रत्येकाने गळावर दोरा, पीस आणि लोकर गुंडाळून स्वतःच्या हाताने खोटा किडा करायचा. त्याला माशी बांधणं म्हणतात. काही माश्या तरंगणाऱ्या असतात. निंफ नावाची एक जात मात्र पाण्याखालच्या किड्याच्या पिल्लासारखी दिसावी लागते आणि बुडावी लागते. म्हणून तिच्या पोटात शिशाच्या तारेचे वेढे घालतात. वजन नेमकं लागतं. कमी झालं तर तरंगते, जास्त झालं तर दगडासारखी तळाला जाऊन बसते आणि मासा तिच्याकडे ढुंकून बघत नाही.

आणि मी कोण, तर वजनमापे खात्यातला निवृत्त निरीक्षक! मी रस्त्याने निघालो की दुकानदार तराजू पुसायला लागत. त्या माझ्या माशीला वजन नव्हतं. हे बाहेर कळू नये म्हणून मी खिडकी लावून घेतली होती, पण ताई असताना खिडकी लावून काही उपयोग नसतो.

मासे माझी बायको पकडायची. मी नाही. ती गुडघाभर पाण्यात उभी राहायची आणि मी काठावरच्या सपाट दगडावर बसायचो. थर्मास, बिस्किटं आणि वर्तमानपत्र हे माझं खातं. थोड्या वेळाने वर्तमानपत्र तोंडावर यायचं. मग पाण्यातून हाक यायची, "झोपलात का?" मी वर्तमानपत्राखालून म्हणायचो, "नाही, वाचतोय." एवढंच आमचं बोलणं. पण ते दर सुट्टीला व्हायचं.

संघाच्या प्रत्येक सभासदाला ओढ्यावर ठरलेली एक जागा असते. वळणावरची, तो सपाट दगड असलेली जागा बायकोच्या नावावर होती. फाटकातून आत सभासदाला सोडतात, आणि त्याच्याबरोबर एका पाहुण्याला. मी इतकी वर्षं पाहुणाच होतो. आता यजमानीणच नाही म्हटल्यावर पाहुण्याला कोण आत सोडणार? हंगाम सुरू झाला की ती जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्या माणसाला जाणार होती. एकच वाट होती. सभासदाच्या जोडीदाराने समितीसमोर निंफ बांधून दाखवली, आणि ती कसोटीला उतरली, तर जागा घरात राहते.

मला मासे नको होते. मला तो दगड हवा होता. पण एवढा म्हातारा माणूस दगडासाठी हटून बसलाय हे बरं दिसत नाही, म्हणून मी सगळ्यांना सांगितलं की मला आता छंद लावून घ्यायचाय.

मी संघाच्या कार्यालयात गेलो. चिटणीसबाई पूर्वी मुख्याध्यापिका होत्या. अजूनही त्या समोरच्याची नखं बघतात.

"जागा पुढे चालवायची असेल तर मूळ सभासदाचं पत्र लागेल," त्या म्हणाल्या. "सहीनिशी."

"बाई, ती वारली."

"मला माहीत नाही का? मी आले होते की तुमच्याकडे. किती वेळ बसले होते." त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. ते खरोखरच भरून आले होते. मग चष्मा लावून म्हणाल्या, "पण सही?"

"सही आणणं जरा अवघड आहे."

"मग जोडीदाराची कसोटी द्या. समितीसमोर माशी बांधायची. ग्लासभर पाण्यात सोडायची. माझा चहा संपायच्या आत ती तळाला टेकली पाहिजे."

"तुमचा चहा?"

"संघ सुरू झाल्यापासून असंच आहे. चिटणिसाच्या एका कपात माशी बुडाली पाहिजे. हलकी माशी वाहत वाहत खालच्या माणसाच्या जागेत जाते, मग भांडणं होतात."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण नोकरी सुटली तरी खातं सुटत नाही. मी म्हणालो, "बाई, कप म्हणजे माप नव्हे. कप केवढा? चहा किती गरम? पिणारा घोट घेणारा की भुरका मारणारा? हे प्रमाणित नको का?"

चिटणीसबाईंनी माझ्याकडे फार आदराने पाहिलं. मी बोललो ते त्यांनी समितीपुढे ठेवलं. समितीला ते पटलं. कसोटीचा कप एकच आणि ठरलेला असावा असा ठराव झाला, आणि समितीच्या कपाटात जेवढे कप होते त्यातला एक बाजूला काढून त्याच्या बुडाला लाल रंगाचा ठिपका दिला. माझे आभारही मानले. मग तो कप मला दाखवला. एवढ्याशा कपातून लोक खोकल्याचं औषध घेतात.

"तुझ्या तोंडाला एखादं झाकण मिळतं का बघ बाजारात," ताई म्हणाली.

आता प्रतीक्षायादीतला पुढचा माणूस. तो आमच्या डोक्यावर राहतो. दंतवैद्य आहे. संघाने त्याला पुलाखालची जागा दिलेली आहे. तिथे माशांपेक्षा बदकं जास्त आणि बदकांपेक्षा चपला जास्त. वळणावरच्या जागेवर त्याचा डोळा आहे हे त्याने कधी लपवलं नाही. बायको असतानाही तो म्हणायचा, "वहिनी, तुम्ही कंटाळलात की सांगा हं." ती म्हणायची, "तुमचे सगळे दात पडले की सांगते."

मी माशी बांधतोय हे कळताच तो खाली आला.

"साहेब, मी तुम्हाला शिकवतो."

"तुम्ही? मी नापास झालो तर जागा तुम्हाला मिळणार आहे."

"म्हणून तर. उद्या कोणी म्हणायला नको की शेजारी असून मदत केली नाही." एवढं बोलून त्याने सलग शिंका दिल्या, कारण हेडक्लार्क खुर्चीखालून बाहेर आला होता.

हेडक्लार्क म्हणजे आमच्या जिन्यातला बोका. तो एखाद्या कागदावर बसला की तो कागद पुढे सरकत नाही, म्हणून हे नाव. दंतवैद्याला मांजराच्या केसांची ॲलर्जी आहे. हेडक्लार्क ज्या खोलीत असेल, किंवा असून गेला असेल, तिथे त्याचं नाक गळतं आणि डोळे लाल होतात. आणि इथेच घोटाळा होता. निंफच्या छातीला भुरभुरीत केस लागतात. सशाचे सगळ्यात चांगले, असं बायको म्हणायची. माझ्या ओळखीत ससा नव्हता. हेडक्लार्क होता.

मी त्याला कंगव्याने विंचरायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी त्याला ते आवडलं. दुसऱ्या दिवशी त्याने पाठ फिरवली. तिसऱ्या दिवशी माझ्या हातात कंगवा दिसताच तो कपाटावर चढला आणि तिथून माझ्याकडे अशा नजरेने बघायला लागला की मला माझ्याच एका जुन्या साहेबांची आठवण झाली. पण तोवर डबीभर केस जमले होते, आणि दंतवैद्य डबी उघडायच्या आधीच शिंकत होता.

"यात काय आहे?"

"ससा," मी म्हणालो.

"ससा?" त्याने रुमाल काढला. "हा ससा म्यांव करतो का हो, साहेब?"

पातेल्यात तरंगली ती पहिली माशी. तिच्यात मी शिसं घातलंच नव्हतं. तारेचे वेढे सगळ्यात आधी, उघड्या गळावर घालायचे असतात. मग दोरा, मग शेपटीला पिसाचे तंतू, मग अंग, मग छाती. मी थेट शेपटीपासून सुरुवात केली होती आणि सगळं संपल्यावर शिसं आठवलं. दुसऱ्या माशीत ती कसर भरून काढली. एवढी तार गुंडाळली की माशीला पोट आलं. ती ग्लासात सोडली तर ग्लासाचा तळ गेला. ग्लास ताईने आणलेल्या संचातला होता. मी तो विषय वाढवत नाही.

तिसरी माशी बांधत असताना गळ माझ्या हातातून उडाला. टेबलाखाली शोधला, चहात शोधला, हेडक्लार्कच्या अंगावर शोधायला गेलो तर तो कपाटावर. इतक्यात दोऱ्याचं रीळ आपोआप गरगर फिरायला लागलं. दोरा टेबलावरून दाराकडे, दारातून जिन्याकडे पळत होता. ताई नुकतीच वाण्याकडे निघाली होती, अंगावर शाल घेऊन. गळ तिच्या शालीत होता.

दोरा तोडायचा की नाही? तोडला तर गळ शालीत राहणार आणि कधीतरी ताईच्या पाठीत जाणार. ताईच्या पाठीत गळ गेला तर पुढे काय होईल याचा विचार करून मी दोरा गुंडाळत गुंडाळत मागे निघालो. जिना उतरलो. रस्त्याला लागलो. पायात घरातल्या सपाता, कमरेत वाकलेला, दोन्ही हात छातीशी गोल गोल फिरवतोय, आणि इतके दिवस कपाटावर बसलेला हेडक्लार्क नेमका आता खाली उतरून दोऱ्यावर झडप घालत माझ्यापुढे चाललाय. दोन ओळखीच्या बायांनी मला बघून रस्ता बदलला. बायको गेल्यापासून लोक माझ्याशी हळू आवाजात बोलत होतेच. त्या दिवसापासून आणखी हळू बोलायला लागले.

ताई दुकानात तराजूसमोर उभी होती. हा तोच दुकानदार, ज्याचा तराजू मी एकदा जप्त केला होता.

"साहेब," तो गोड आवाजात म्हणाला, "काही हरवलं का?"

"काही नाही. ताईच्या शालीत माझी माशी आहे."

त्याने ताईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि वजन करायचं थांबवून म्हणाला, "माशीच हवी होती तर गुळाच्या ढेपेवरून नेली असती की! वजनात धरली नसती."

ताईने मला तिथे काही म्हटलं नाही. घरी येईपर्यंत थांबली. ते जास्त वाईट असतं.

त्यानंतर दंतवैद्य म्हणाला की घरात बांधणं बंद. माझ्या दवाखान्यात या, तिथे उजेड आहे, चिमटे आहेत, आणि मांजर नाही. मी दुपारी गेलो. बाहेर पेशंट बसले होते. त्यांना "जरा थांबा, एक जुनी केस आहे" असं सांगून त्याने मला आत घेतलं आणि दार ओढून घेतलं. गळ त्याने खुर्चीच्या हाताला लावलेल्या चिमट्यात बसवला, वर तो मोठा दिवा सोडला. व्यवस्था उत्तम होती. दार मात्र पातळ होतं.

"घट्ट धरा," दंतवैद्य म्हणाला. "हलू देऊ नका."

"निसटतंय हो!"

"मुळाशी धरा. हां. आता ओढा. अजून. अजून ओढा, घाबरू नका."

"तुटलं!"

"तुटलं तर तुटलं. राहिलेलं कापून टाकू आणि पुन्हा पहिल्यापासून करू."

"डॉक्टर, रक्त आलं."

"येणारच. पुसा त्या कापसाला. अरे देवा, शिसं! अहो, शिसं घालायचं राहिलं! सगळं उपटा!"

आम्ही दार उघडलं तेव्हा बाहेर एकच म्हातारा बसला होता. तो बहिरा होता.

दंतवैद्याने रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा शिकवणी बंद करणार. पण तो म्हणाला, "वहिनींनी मला शेवटची गाठ शिकवली होती, तेव्हा मी असंच त्यांचं डोकं खाल्लं होतं. चला, त्या गाठीपासून करू." आणि त्याने ती गाठ पुन्हा पुन्हा करून दाखवली, बहिऱ्या म्हाताऱ्यालाही आत बसवून. म्हाताऱ्याला ती माझ्या आधी जमली.

जाताना दंतवैद्याने एक गोष्ट सांगितली. माशी पाण्यात सोडण्याआधी तोंडात धरून ओली करायची. लोकरीत हवा अडकलेली असते, ती निघून जाते. "वहिनी नेहमी करायच्या. विसरू नका."

कसोटीच्या आदल्या दिवशी डबीतले केस संपले. हेडक्लार्क पुन्हा कपाटावर होता आणि आता माझा आवाज ऐकूनच गुरगुरत होता. ताई बायकोच्या खुंटीवरून तिची ओढ्यावर घालायची टोपी घेऊन आली. टोपीच्या पट्टीत बायकोने स्वतः बांधलेली एक निंफ खोचलेली होती. लहान, घट्ट, गोंडस. जणू आत्ता हलेल.

"हीच ने," ताई म्हणाली. "हातात लपव, बांधल्यासारखं कर आणि हीच सोड पाण्यात. कोणाला कळतंय?"

"मला कळेल की."

"तुला कळून काय होतंय? जागा राहील ना?"

"ताई, दुसऱ्याचं वजन आपलं म्हणून तराजूत टाकणाऱ्यांना मी पकडत होतो."

"मोठा आला!" ताई म्हणाली. पण टोपी तिने जपून खुंटीवर परत ठेवली.

त्याच खुंटीवर बायकोचे लोकरीचे हातमोजे होते. गळ धरता यावा म्हणून तिने बोटांची टोकं कापलेली. डाव्याचा अंगठा आधीच उसवला होता. मी तो धागा थोडा ओढला. करड्या रंगाची, मऊ लोकर होती. सशाची नसेल, पण छातीला पुरेशी होती.

"तिचा मोजा उसवतोयस?" ताईने विचारलं.

"अंगठाच फक्त."

  ताईने समोर बसून बोटांनी लोकर पिंजून दिली.

कसोटी संघाच्या सभागृहात होती. टेबलावर पाण्याचा उंच ग्लास, शेजारी लाल ठिपक्याचा कप. चिटणीसबाई मध्ये, दोन्ही बाजूंना समितीचे दोन जुने सभासद. त्यातला एक झोपला होता आणि दुसरा त्याला सांभाळत होता. प्रतीक्षायादीतला पुढचा म्हणून दंतवैद्याला हजर राहणं नियमाप्रमाणे भाग होतं. तो टेबलाच्या टोकाला हाताची घडी घालून बसला. माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही. शेजार निराळा आणि ओढा निराळा, हे मला समजत होतं.

मी बांधायला घेतलं. सगळ्यात आधी शिसं. वेढे मोजके घातले. घरच्या सोनारकाट्यावर तार तोलून आणली होती. त्या एका बाबतीत मला कोणी काही सांगायला नको. मग दोरा, शेपटीला पिसाचे तंतू, अंग, आणि शेवटी हातमोज्याची लोकर. गाठ मारली. पहिल्या फटक्यात बसली. झोपलेल्या सभासदाला जागं करून ती दाखवण्यात आली. तो म्हणाला, "छान आहे, पण उडेल का?"

चिटणीसबाईंनी कपात चहा ओतला. "सोडा."

आता माशी तोंडात धरायची होती. मी ती ओठांपर्यंत नेली. समोर मुख्याध्यापिका होत्या. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. लहानपणापासून मला सांगण्यात आलंय की तोंडात काही घालायचं नाही, आणि इथे भर सभेत, निवृत्त अधिकारी, इस्त्रीचा शर्ट घातलेला, मी गळ चोखणार? माझ्याने होईना. मी माशी कोरडीच सोडली.

ती नाकावर उलटी झाली आणि थांबली. डोकं पाण्यात, शेपटी वर. लोकरीतल्या हवेला लटकून राहिली होती.

चिटणीसबाईंनी पहिला घोट घेतला.

आम्ही सगळे ग्लासाभोवती वाकलो. माशी हलली नाही. वजन बरोबर होतं, हे मी शपथेवर सांगतो. वजनाची चूक नव्हती. लाजेची होती.

दुसरा घोट. तेवढ्याशा कपात मुळात किती घोट असणार? बाई जुन्या शिस्तीच्या. मुद्दाम हळू पिणं त्यांना पटलं नसतं, पण त्या घोट तोंडात घोळवत होत्या हे मी पाहिलं. त्यांचे डोळे मला सांगत होते, अहो, बुडवा की! पण हात लावायची परवानगी नव्हती. ग्लासाला नाही, माशीला नाही, टेबलालाही नाही. उमेदवाराने दोन्ही हात मागे बांधायचे, असा नियम होता.

मला तो दगड दिसायला लागला. त्यावर दुसरंच कोणीतरी बसलेलं. 

बाईंनी कप ओठाला लावला. शेवटचा घोट.

आणि दंतवैद्य शिंकला.

तशी शिंक मी आयुष्यात ऐकली नाही. तो बसल्या जागेवरून उडाला, त्याचे दोन्ही गुडघे टेबलाला लागले, ग्लास डुचमळला, झोपलेला सभासद "कोण आहे?" म्हणून उभा राहिला. मी ग्लासात पाहिलं. एक बारीक बुडबुडा वर येत होता, आणि माशी खाली जात होती. सरळ नव्हे, डुलत डुलत, खऱ्या किड्याच्या पिल्लासारखी. ती तळाला टेकली आणि बाईंनी घोट गिळला.

"शिंक हे बाहेरचं साहाय्य धरायचं का?" त्याला सांभाळणाऱ्या सभासदाने विचारलं.

"शिंकेबद्दल नियमात काही नाही," चिटणीसबाई म्हणाल्या आणि कप उपडा करून ठेवला. "पास."

घरी ताईने विचारलं, काय झालं. मी सांगितलं. "मांजराचे केस तुझ्या अंगावर असतील," ती म्हणाली, "बरं झालं मी तुझा शर्ट धुऊन दिला नाही ते." पण शर्ट तिनेच आदल्या दिवशी धुऊन इस्त्री केला होता. ते आम्हा दोघांनाही जरा उशिरा आठवलं. मग ताई म्हणाली की आता तिला घरी जायला हरकत नाही, आणि आणखी आठवडाभर राहिली.

हंगामाच्या पहिल्या दिवशी मी फाटकावर सभासद म्हणून उभा राहिलो. आपल्या जागेवर एक पाहुणा नेता येतो, म्हणून दंतवैद्याला घेतलं. वाटेत मी त्याला विचारलं, "डॉक्टर, त्या दिवशी शिंक कशामुळे आली?"

"कशामुळे म्हणजे? मांजराचे केस."

"त्या माशीत मांजर नव्हतं. हिच्या हातमोज्याची लोकर होती."

दंतवैद्याने खिशातला रुमाल चाचपला. "मग लोकरीची असेल," तो म्हणाला. "हल्ली कशाचीही होते, साहेब."

वळणावर पोचलो. दगड जागच्या जागी होता. मी थर्मास ठेवला, बिस्किटं ठेवली, वर्तमानपत्र उलगडलं, आणि बसणार एवढ्यात दंतवैद्याने घसा खाकरला.

"साहेब, नियम. मासे सभासदाने पकडायचे. पाहुण्याने बसायचं."

इतके दिवस जिवाचं रान केलं ते या दगडासाठी, आणि त्या दगडावर दंतवैद्य बसला. माझा चहा ओतून घेतला, माझं बिस्किट त्यात बुडवलं, आणि मी बायकोचे बूट घालून, जे मला होत नव्हते, गुडघाभर पाण्यात उतरलो. पाणी इतकं गार होतं की पहिला काही वेळ मला फक्त स्वतःची हाडं आठवत होती. माशी आधी तोंडात धरली. बघायला दंतवैद्यच होता, आणि त्याच्यापुढे तोंड उघडायला कोण लाजतं? गळ फेकला तो झाडात. सोडवला. पुन्हा फेकला तो माझ्याच टोपीत. ती टोपी तिची होती. तिथे आधीच एक निंफ खोचलेली होती, तिच्या शेजारी माझी जाऊन बसली. मी ती काढली आणि पुन्हा फेकली. या वेळी ती पाण्यात पडली आणि बुडाली.

मग मी मागे वळून पाहिलं.

मी इथे इतकी वर्षं आलो, पण इकडून तिकडे कधी पाहिलं नव्हतं. मी नेहमी दगडावरच होतो. पाण्यातून तो दगड अगदी समोर येतो. मागे झाडं, झाडांतून आलेलं ऊन नेमकं त्यावर, आणि मधोमध पाय पसरून पडलेला एक माणूस, तोंडावर वर्तमानपत्र, आणि श्वासागणिक वर्तमानपत्र वर-खाली होतंय. तिला दर सुट्टीला हे दिसत होतं. जरा हास्यास्पद दिसतं. पण बघत राहावंसं वाटतं.

"झोपलात का?" मी ओरडलो.

वर्तमानपत्र हललं.

"नाही," आतून आवाज आला, "वाचतोय."